भुजंगधारीतील महाकाय दीर्घिका



मे महिना संपत आला की आमच्या मलकापुरात रात्री घरात झोप लागत नाही. बरीच मंडळी अंथरूण-पांघरूण घेऊन गच्चीवर जातात. तुम्हीही अशा एखाद्या रात्री, साडेबारा-एकच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या साधारण मध्यावर, किंचित खाली, एक ठळक तांबूस तारा दिसेल. ही वृश्चिक राशीतील ज्येष्ठा. आता हात पूर्ण लांब करून मूठ वळा. अशा मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. ज्येष्ठेपासून डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, एक मूठ अंतर मोजा आणि जरासे वर सरका. ही जागा भुजंगधारी या तारकासमूहात येते.

तेथे नुसत्या डोळ्यांना विशेष असे काही दिसणार नाही. पण त्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर, दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे आणि त्याच्या मध्यभागी एक महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका बसलेली आहे. या दीर्घिकेने एके काळी जो उत्पात केला, त्याच्याएवढी ऊर्जा एकाच जागेतून बाहेर पडल्याचे दुसरे उदाहरण तो उघडकीस आला तेव्हा, म्हणजे २०२० साली, शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते. आणि तो उघडकीस आणण्यात पुणे जिल्ह्यातील खोडद या गावच्या दुर्बिणीचा वाटा आहे.

वर्गात असे काही सांगितले की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, “सर, पण हे मोजले कोणी?” प्रश्न अगदी योग्य आहे. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

अंतराची कल्पना

प्रथम अंतर समजून घेऊ. प्रकाश एका वर्षात सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर जातो. हे एक प्रकाशवर्ष. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे त्या आकाशगंगेचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे आहे. आता समजा, ही सगळी आकाशगंगा म्हणजे ३ सेंटीमीटर व्यासाची कॅरमची एक सोंगटी आहे. या प्रमाणात आपली शेजारीण देवयानी दीर्घिका सुमारे ७५ सेंटीमीटरवर येते. म्हणजे कॅरमबोर्डाच्या एका कडेला आपण आणि समोरच्या कडेला देवयानी. मग भुजंगधारीतील समूह कोठे? तो सुमारे ११७ मीटरवर! बोर्ड शाळेच्या व्हरांड्यात असेल तर समूह मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला जाईल.

३९ कोटी प्रकाशवर्षे याचा दुसराही अर्थ आहे. तेथून आज आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश ३९ कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. आपल्या वऱ्हाडातील काळी माती ज्या दख्खनच्या लाव्हाची झीज होऊन बनली, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हा प्रकाश त्याच्याही सहापट जुना. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर यायचे होते आणि जमिनीवर वनस्पती नुकत्या कोठे पसरू लागल्या होत्या.

पडद्याआडचा समूह

हा समूह इतका मोठा असूनही त्याची ओळख पटायला १९८१ साल उजाडले. याचे कारण त्याची दिशा. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या बाजूला आहे आणि हा समूह त्या केंद्राच्या दिशेपासून अवघा ९-१० अंशांवर आहे. त्यामुळे त्याच्याकडे पाहताना आड येते ती आपलीच आकाशगंगा. तिच्यातील धूळ दृश्य प्रकाश अडवते आणि तिच्यातील असंख्य तारे पलीकडच्या फिकट दीर्घिकांना झाकून टाकतात. पण क्ष-किरण ही धूळ बऱ्याच प्रमाणात भेदून येतात. क्ष-किरणांत पाहिले तर हाच समूह आकाशातील सर्वांत तेजस्वी दीर्घिकासमूहांपैकी एक ठरतो.

दीर्घिकांच्या समूहातून क्ष-किरण का यावेत? लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिले असेल. आधी ते लाल होते, मग पिवळे, मग पांढरट. वस्तू जितकी तप्त तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी कमी. समूहातील दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तेथे अतिशय विरळ वायू पसरलेला असतो आणि समूहाच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणामुळे तो तापलेला असतो. भुजंगधारीतील समूहात या वायूचे तापमान सुमारे १० कोटी अंश आहे. इतका तप्त वायू दृश्य प्रकाशात नव्हे, तर क्ष-किरणांत झळकतो. मोठ्या समूहांमध्ये या वायूचे वस्तुमान सगळ्या दीर्घिकांतील ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या कित्येक पट भरते. आपल्याला दिसतात त्या दीर्घिका म्हणजे खिरीतले चार बेदाणे, खरी खीर वायूची!

मध्यभागीची महाकाय

आता त्या दीर्घिकेकडे वळू. आपली आकाशगंगा सर्पिल आहे. तिला फिरकीसारखे बाहू आहेत, थंड वायू आहे, धूळ आहे, आणि त्यांतून नवे तारे जन्माला येतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत असे काही नसते. आकाराने ती एखाद्या अंड्यासारखी किंवा चेंडूसारखी गुळगुळीत. तारे बहुतेक जुने, म्हणून रंग पिवळसर-तांबूस. नव्या ताऱ्यांचा जन्म जवळजवळ थांबलेला. समूहाच्या केंद्रापाशी असलेली अशी दीर्घिका आजूबाजूच्या लहान दीर्घिकांना ओढून गिळत जाते आणि महाकाय होते.

अशा दीर्घिकांच्या गाभ्यात अजस्र कृष्णविवर असते. कन्या समूहातील एम ८७ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे उदाहरण घ्या. ती आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. हेबर कर्टिस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला १९१८ साली तिच्या केंद्रातून निघालेली एक विलक्षण सरळ रेषा छायाचित्रात दिसली. तो होता पदार्थाचा झोत. पुढे २०१९ मध्ये त्याच दीर्घिकेच्या गाभ्यातील कृष्णविवराच्या सावलीचे छायाचित्र सर्व जगाने पाहिले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे.

तुम्ही म्हणाल, कृष्णविवरातून तर काहीच बाहेर पडत नाही, मग झोत कसा? कृष्णविवराच्या आतून काही येत नाही हे खरेच आहे. पण त्यात पडू पाहणारा वायू भोवती गरगर फिरतो, तापतो, आणि चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने त्यातील काही भाग आत पडण्याआधीच दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फेकला जातो.

वायू थंड का होत नाही?

आता एक कोडे पाहा. समूहाच्या मध्यभागी वायू जास्त दाट असतो. दाट वायू क्ष-किरणांच्या रूपाने आपली उष्णता लवकर गमावतो. म्हणजे तो थंड होऊन मधल्या दीर्घिकेवर पडायला हवा आणि त्यातून दरवर्षी भराभर नवे तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. याचा अर्थ कोणीतरी हा वायू पुन्हा पुन्हा तापवत आहे.

विजेची इस्त्री आठवा. ठरावीक तापमान आले की ती आपोआप बंद होते, गार झाली की पुन्हा सुरू होते. समूहांतही असेच घडत असावे असे मानतात. वायू थंड होतो, थोडा कृष्णविवराकडे ओघळतो, झोत सुरू होतात. झोत वायूत शिरून त्याला बाजूला सारतात आणि मोठे बुडबुडे तयार करतात. या सगळ्यात वायू तापतो, खाली येणारा पुरवठा आटतो, झोत मंदावतात. मग पुन्हा पहिल्यापासून. क्ष-किरणांच्या चित्रांत हे बुडबुडे काळ्या पोकळ्यांसारखे दिसतात आणि आजवर अनेक समूहांत ते सापडले आहेत.

एक वाकडी कड

नॉर्बर्ट वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने भुजंगधारीतील समूहाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तप्त वायूला एका बाजूला त्यांना एक विचित्र कड दिसली. वायूच्या ढगाची कड साधारणपणे बाहेर फुगलेली असावी. ही मात्र आत वळलेली होती, जणू कोणी भाकरीला कडेने मोठी वाटी दाबून तुकडा काढून घेतला आहे.

ही एखाद्या बुडबुड्याची भिंत तर नसेल? ही शंका त्यांच्याही मनात आली होती. पण अडचण होती आकाराची. बुडबुडा फुगवायचा म्हणजे भोवतालच्या वायूला ढकलून जागा करायची, आणि ढकलायचे म्हणजे कार्य करायचे. अकरावी-बारावीच्या मुलांना ठाऊक आहे की हे कार्य दाब आणि वाढलेले घनफळ यांच्या गुणाकाराइतके असते. तेथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक अब्ज कोटीव्या भागापेक्षाही कमी आहे. पण घनफळ? ती वाकडी कड पुरी करून वर्तुळ काढले तर व्यास येतो सुमारे १५ लाख प्रकाशवर्षे! आपल्या आकाशगंगेसारख्या १५ दीर्घिका ओळीने मांडाव्यात एवढी ती पोकळी. कॅरमच्या भाषेत बोलायचे तर ४५ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या बोर्डापेक्षा जास्त.

एवढा बुडबुडा फुगवायला लागणारी ऊर्जा इतकी अवाढव्य निघते की तो विचार तेव्हा बाजूला ठेवला गेला. यात गैर काही नव्हते. केवळ एका कडेच्या वळणावरून असा निष्कर्ष काढणे धाडसाचेच झाले असते. दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा होता.

राखेखालचे निखारे

हा पुरावा कोणत्या प्रकारचा असू शकेल? झोतांबरोबर अतिवेगवान इलेक्ट्रॉन बुडबुड्यात भरले जातात. चुंबकीय क्षेत्रात ते वळसे घेत फिरतात आणि रेडिओ तरंग सोडतात. म्हणजे पोकळी खरोखर झोतांनी केलेली असेल, तर जी जागा क्ष-किरणांत रिकामी दिसते तीच रेडिओ तरंगांत भरलेली दिसायला हवी.

पण घटना फार जुनी असेल तर? जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा आधी गमावतात. त्यामुळे आखूड तरंगलांबीचे रेडिओ तरंग आधी नाहीसे होतात आणि लांब तरंगलांबीचे तेवढे उरतात. चुलीचे उदाहरण घ्या. लाकडे जळत असताना लखलखीत उजेड असतो. मग निखारे लाल होतात. शेवटी वर राख धरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण हात जवळ नेला तर ऊब लागते. उजेड गेला, त्याहून लांब तरंगांची उष्णता राहिली. आकाशातील जुन्या उत्पाताची ‘ऊब’ शोधायची तर मीटरभर किंवा त्याहून लांब तरंग टिपणारी दुर्बीण हवी.

अशी दुर्बीण महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ तबकड्या मधल्या साधारण एक चौरस किलोमीटर जागेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. सगळ्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीसारखे काम करतात.

या तबकड्यांचे पृष्ठ भरीव पत्र्याचे नसून तारेच्या जाळीचे आहे. मीटरभर लांबीच्या तरंगाला जाळीची बारीक भोके जाणवतच नाहीत. त्यामुळे तबकडी हलकी झाली, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्चही पुष्कळ वाचला. ही युक्ती प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची. ते १९२९ साली जन्मले आणि २०२० साली निवर्तले. भारतातील रेडिओ खगोलशास्त्र त्यांनी उभे केले.

पुरावा जुळला

अमेरिकेतील नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या सिमोना जाचिंतुची आणि त्यांचे सहकारी यांनी चंद्रा आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन या दोन क्ष-किरण दुर्बिणींची चित्रे एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला ठेवल्या खोडदची जीएमआरटी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड ॲरे यांनी लांब तरंगांत घेतलेल्या नोंदी. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवताच वाकड्या कडेच्या नेमक्या बाहेर, क्ष-किरणांतील रिकाम्या जागेत, रेडिओ तरंगांचा एक मोठा फिकट ढग दिसला. ढगाची कड वायूच्या कडेला जणू कुलपात किल्ली बसावी तशी बसत होती. २७ फेब्रुवारी २०२० रोजी, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आदल्याच दिवशी, ही बातमी जाहीर झाली.

त्यांच्या हिशेबाप्रमाणे ही पोकळी निर्माण होऊन निदान २४ कोटी वर्षे झाली असावीत, आणि त्यासाठी लागलेली ऊर्जा भरली सुमारे ५ गुणिले १० चा ५४ वा घात ज्यूल. त्याआधीचा उच्चांक जिराफ तारकासमूहाच्या दिशेतील एका दीर्घिकासमूहाच्या नावावर होता. ही ऊर्जा त्याच्या सुमारे पाचपट.

वही-पेन घ्या

हा आकडा नुसता वाचून सोडू नका. एका सर्वसाधारण अतिनवताऱ्याच्या स्फोटात पदार्थ उधळण्यासाठी खर्च होणारी ऊर्जा सुमारे १० चा ४४ वा घात ज्यूल असते. भागाकार केला तर उत्तर येते ५ हजार कोटी अतिनवतारे! आपल्या आकाशगंगेत शतकाला साधारण दोन अतिनवतारे होतात असे धरले, तर एवढे स्फोट व्हायला अडीच लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आहे सुमारे १,३८० कोटी वर्षे. म्हणजे विश्वाच्या वयाच्या १८० पट काळ!

आता दुसरा हिशेब. आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. प्रकाशवेगाचा वर्ग ९ गुणिले १० चा १६ वा घात. भाग दिला की वस्तुमान येते ५.६ गुणिले १० चा ३७ वा घात किलोग्रॅम. सूर्याचे वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलोग्रॅम. म्हणजे हे झाले २.८ कोटी सूर्य. पण कृष्णविवराकडे येणाऱ्या पदार्थाची सगळीच ऊर्जा हाती लागत नाही. ती १० टक्के मिळाली असे मानले, तर त्या कृष्णविवराने सुमारे २८ कोटी सूर्यांइतका पदार्थ गिळला असला पाहिजे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान ४० लाख सूर्यांच्या आसपास आहे. तशी ७० कृष्णविवरे भरतील एवढा हा एक घास!

अर्थात ‘स्फोट’ म्हटले म्हणून फटाक्यासारखा क्षणात झालेला प्रकार डोळ्यांपुढे आणू नका. झोत दीर्घकाळ वाहत होते आणि बुडबुडा हळूहळू फुगत होता.

भट्टी विझली कशी?

आज त्या दीर्घिकेतून तसे जोरदार झोत निघताना दिसत नाहीत. का बरे? भरलेली बादली उचलून चालू लागलात की पाणी डचमळते. दुसरा एखादा समूह येऊन आदळला की समूहातील वायूही असाच डचमळतो. चंद्राच्या चित्रांत सर्वांत दाट आणि थंड वायू दीर्घिकेच्या ऐन केंद्रावर नसून थोडा बाजूला सरकलेला दिसतो. थंड वायू म्हणजे कृष्णविवराचे सरपण. सरपणच बाजूला सरकले, तर भट्टी विझणार यात नवल काय?

एक कोडे मात्र त्या अभ्यासातही शिल्लक राहिले. झोत दोन बाजूंना निघतात, मग बुडबुडे दोन हवेत. प्रत्यक्षात २०२० च्या त्या चित्रांत रेडिओ ढग एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूचा वायू अधिक विरळ असल्याने तिकडचा ढग लवकर पसरून फिका झाला असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला.

तर मित्रहो, मोजले कोणी, या प्रश्नाचे उत्तर असे आहे. क्ष-किरणांनी पोकळीचा आकार दिला, वायूच्या तापमान-घनतेने दाब दिला, त्यांच्या गुणाकाराने ऊर्जा दिली, आणि ती पोकळी खरी असल्याची साक्ष दिली लांब रेडिओ तरंगांनी. तेथे कोणी गेले नाही, आणि जाण्याची गरजही नव्हती. मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जी कल्पना २०१६ साली ‘फारच मोठी’ म्हणून बाजूला ठेवावी लागली, तीच चार वर्षांनी स्वीकारावी लागली, कारण मध्यंतरी स्वतंत्र पुरावा पुढे आला. एखादी कल्पना अफाट आहे म्हणून ती खरी ठरत नाही, आणि अफाट आहे म्हणून खोटीही ठरत नाही. पुरावा येईपर्यंत थांबायचे आणि तो आला की मत बदलायचे, हीच विज्ञानाची रीत.

खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते आणि विद्यार्थ्यांना त्या तबकड्या जवळून पाहता येतात. संधी मिळाली तर शाळेतर्फे सहल जरूर काढा. तबकडीची जाळी नीट निरखा आणि वरचे दोन हिशेब वहीत करून न्या. तेथल्या शास्त्रज्ञांना विचारायला तुमच्याजवळ चांगले प्रश्न असतील.